पॉइंट मोजके, रात्रही मोजकी

समजा, इंदापूर तालुक्यातले कालव्याच्या टेलचे एखादे गाव आहे. विहिरीवरच्या मोटारीला या आठवड्यात रात्रीची वीज आहे. उसाला दारे धरून वडील रात्री दोनच्या सुमारास घरी येतात, पाय धुतात आणि आतल्या खोलीत त्यांना मोबाइलचा उजेड दिसतो. मुलगा बारावीला. कॉलेजसाठी रोज एसटीने बारामतीला जातो. सकाळी साडेसहाची गाडी.

“अजून खेळतोयस?”

“खेळत नाही अण्णा, कॅरेक्टर बनवतोय.”

मुलगा खोटे बोलत नाही. त्याने रात्री अकराला एक नवीन ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम डाउनलोड केला. पात्राला नाव दिले, चेहरा निवडला आणि पुढच्या पानावर तो अडकला. तिथे त्याच्या हातात दहा पॉइंट दिलेले आहेत. ताकद, चपळाई, दम, बुद्धी अशा रकान्यांत ते वाटायचे आहेत. एक व्हिडिओ सांगतो सगळे ताकदीवर लावा, दुसरा सांगतो चपळाईवर. तीन तास तो हीच वाटणी करतो आहे. खेळ अजून सुरूही झालेला नाही.

वडिलांच्या लेखी हा निव्वळ वेळेचा नाश. मुलाच्या लेखी हा फार मोठा निर्णय, कारण पुढचे कित्येक महिने तो या पात्राबरोबर काढणार आहे. वैद्यकशास्त्राच्या बाजूने पाहिले तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मोजक्या साधनांची वाटणी करणे हे मेंदूचे अवघड आणि चांगले काम आहे. मात्र त्याच रात्री आणखी एक वाटणी चालू असते, ती म्हणजे तासांची. तिच्याकडे त्याचे लक्ष नसते. पहिली वाटणी चुकली तर खेळात सुधारता येते. दुसरीचे तसे नाही.

‘बिल्ड’ म्हणजे काय?

खेळाडूंच्या भाषेत पात्राच्या कौशल्यांच्या वाटणीला ‘बिल्ड’ म्हणतात. ही कल्पना मोबाइलपेक्षा बरीच जुनी आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक पात्राला सहा गुण होते: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवर पडणारी छाप. बुद्धी आणि शहाणपण हे दोन वेगळे रकाने ठेवणे ही त्या खेळातली मार्मिक गोष्ट होती. ओपीडीत बसणाऱ्या कोणाही डॉक्टरला ती लगेच पटेल.

१९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी असाच खेळ संगणकावर आणला. त्यात चित्रे नव्हती, नुसते शब्द होते, पण एका वेळी अनेक जण त्यात उतरू शकत. २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि लाखो लोक एकाच काल्पनिक जगात वावरू लागले. आज तसेच खेळ मोबाइलवर आहेत आणि बारामतीच्या बसस्टँडवर गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या मुलाच्या खिशातही ते मावतात.

या खेळांत साधारण तीन कामे असतात. एक जण पुढे उभा राहून मार झेलतो. दुसरा शत्रूवर हल्ला करतो. तिसरा मागे राहून जखमींना बरे करतो. पात्र घडवताना यांतले काय करायचे, हे आधी ठरवावे लागते. सगळे काही येणारे पात्र बनवता येत नाही, कारण पॉइंट तेवढे नसतात.

या भागातल्या वाचकांना ही रचना परकी वाटायला नको. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीवरून पुढे बेलवाडीच्या रिंगणाला आणि मग इंदापूरला जाते. त्या सोहळ्यातली कोणतीही दिंडी नीट पाहावी. विणेकरी एक, मृदंग वाजवणारे मोजके, टाळकरी पुष्कळ, पुढे पताका, डोक्यावर तुळस घेतलेली माउली. प्रत्येकाचे काम ठरलेले. सगळ्यांनीच वीणा धरली तर दिंडी चालायची नाही. ऑनलाइन खेळातला गटही असाच एकमेकांच्या उणिवा भरून काढत चालतो. म्हणून ‘सगळ्यात चांगला बिल्ड कोणता’ या प्रश्नाला एकटे उत्तर नसते. कोणाबरोबर खेळणार आणि कोणते काम करणार, यावर ते ठरते.

खताच्या पोत्याचा हिशोब

पॉइंट वाटण्यामागे एक साधे गणित आहे आणि ते समजले तर तीन तासांचे काम वीस मिनिटांत होते.

पहिला प्रश्न असा की, दोन गुणांची बेरीज होते की गुणाकार? समजा, हल्ल्याचा परिणाम म्हणजे एका घावाची ताकद गुणिले घावांची संख्या. दहा पॉइंटपैकी नऊ ताकदीला आणि एक चपळाईला दिला तर परिणाम नऊ. आठ आणि दोन दिले तर सोळा. पाच-पाच दिले तर पंचवीस. जिथे गुणाकार असतो, तिथे समतोल वाटणी जिंकते. जिथे नुसती बेरीज असते, तिथे कसेही वाटले तरी उत्तर दहाच. मग एकाच गुणावर भर देऊन त्यातली खास कौशल्ये लवकर उघडणे फायद्याचे ठरते.

दुसरा प्रश्न, कुठे थांबायचे? बहुतेक खेळांत एका मर्यादेनंतर पुढच्या प्रत्येक पॉइंटचा फायदा कमी होत जातो. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. खताच्या पहिल्या पोत्याने ऊस उठतो, दुसऱ्याने थोडा भरतो, चौथे पोते पाण्याबरोबर वाहून जाते.

तिसरा मुद्दा नवशिक्यांसाठी. मेलेल्या पात्राचा हल्ला शून्य असतो. म्हणून पहिल्यांदा खेळणाऱ्याने सुरुवातीचे काही पॉइंट दमावर, म्हणजे टिकून राहण्यावर, लावणे शहाणपणाचे. व्हिडिओत दिसणारे भारी बिल्ड बहुधा वर्षानुवर्षे खेळलेल्यांचे असतात. त्यांची बोटे आणि त्यांचा अंदाज आपल्याला त्या बिल्डबरोबर मिळत नाही.

मेंदू अडकतो कुठे?

गणित इतके सोपे असेल तर हुशार मुलगा तीन तास का अडकतो? याचे कारण मेंदूच्या घडणीत आहे.

विचार करताना आपण ज्या गोष्टी एका वेळी मनात धरून ठेवतो, त्यांची जागा फार लहान असते. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये आधीच्या अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन ही मर्यादा साधारण चार गोष्टींची असल्याचे मांडले. पात्र घडवण्याच्या पानावर मात्र चाळीस-पन्नास कौशल्यांचे झाड पसरलेले असते. पाचवी गोष्ट वाचेपर्यंत पहिली निसटते आणि माणूस पुन्हा वर जातो. त्याला वाटते आपण विचार करतो आहोत. प्रत्यक्षात तो त्याच जागी फिरत असतो.

पर्याय जास्त असले की निवड लांबते, याचा एक गाजलेला प्रयोग आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी तो २००० मध्ये प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात कधी २४, तर कधी फक्त ६ प्रकारचे जॅम चवीला मांडले. २४ प्रकारांपाशी जास्त लोक थांबले, पण त्यांतल्या जेमतेम ३ टक्क्यांनी जॅम विकत घेतला. ६ प्रकारांपाशी थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी घेतला. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत इतका ठळक फरक दिसला नाही. पण नवख्या माणसासमोर, ज्याला स्वतःची आवडही अजून ठाऊक नाही, पर्यायांचा ढीग टाकला की तो गोंधळतो, हे रोजच्या अनुभवाला धरून आहे.

दुसरी अडचण पश्चात्तापाच्या भीतीची. ‘चुकीचा बिल्ड निवडला तर?’ यावर उपाय म्हणून अनेक खेळ पॉइंट परत घेऊन नव्याने वाटायची सोय देतात. त्याने मन निर्धास्त व्हायला हवे. पण डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांच्या २००२ च्या प्रयोगात उलटेच दिसले. फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन छायाचित्रांपैकी एक ठेवायला सांगितले. काहींना निवड नंतर बदलायची मुभा दिली, काहींना दिली नाही. ज्यांना बदलता येत नव्हते, तेच आपल्या छायाचित्रावर जास्त खूश राहिले. बदलायची वाट उघडी असली की मन निवडलेल्या गोष्टीत रमत नाही, तुलना करत राहते.

अडसाली उसाची लागण करणारा शेतकरी जुलै-ऑगस्टमध्ये निर्णय घेतो आणि पुढे सोळा-अठरा महिने त्या रानात दुसरे मुख्य पीक येणार नाही, हे त्याला माहीत असते. म्हणून तो लागण झाल्यावर रोज बांधावर उभा राहून ‘सुरूचा ऊस लावायला हवा होता का’ असा घोळ घालत नाही. तो आहे त्या उसाची निगा राखतो. निवड पक्की झाली की मेंदू निगा राखण्याच्या कामाला लागतो.

यावरचा तोडगा अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्येच मांडला होता. सर्वोत्तमाचा शोध घेत बसू नये. आपल्याला किमान काय हवे ते आधी ठरवावे आणि त्यात बसणारा पहिला पर्याय उचलावा. ‘मला मित्रांच्या गटात मार झेलणारा हवा आहे आणि तो सुरुवातीला लवकर मरायला नको.’ एवढ्या दोन अटी कागदावर लिहिल्या तर चाळीसपैकी तीस कौशल्ये आपोआप बाजूला पडतात.

बहुरूप्याचे सोंग

इथवर माणूस पात्र घडवतो. पण पात्रही माणसाला थोडेफार घडवते. स्टॅनफर्ड विद्यापीठात निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. आभासी जगात काही जणांना देखणे रूप दिले, काहींना साधे. देखणे रूप मिळालेले लोक अनोळखी व्यक्तीच्या जास्त जवळ गेले आणि स्वतःविषयी जास्त मोकळेपणाने बोलले. दुसऱ्या प्रयोगात उंच रूप मिळालेल्यांनी पैशांच्या वाटाघाटीत जास्त ताणून धरले. रूप बदलणाऱ्या प्रोटियस या ग्रीक देवावरून या परिणामाला नाव मिळाले. आपल्याकडे पोलिसाचे सोंग घेतलेल्या बहुरूप्याचा आवाज आपोआप चढतो, तसाच हा प्रकार.

पात्राला दिलेले काम माणसाला कसे वागायला लावते, याचा नमुना सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये पाहायला मिळाला. एका राक्षसाच्या मंत्राने होणारा रक्ताचा काल्पनिक आजार चुकून त्याच्या गुहेबाहेर आला. पाळीव प्राण्यांमार्फत तो शहरांत पोचला आणि साथ पसरली. काही खेळाडू पळून गेले, काहींनी मुद्दाम आजार पसरवला. ज्यांच्या पात्रांना बरे करण्याची विद्या होती, त्यांच्यापैकी काही जण शहरात उभे राहून अनोळखी रुग्णांवर उपचार करत राहिले. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी या साथीवर लिहिलेला लेख २००७ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. साथीत माणसे कशी वागतात, हे समजून घ्यायला अशी जगे उपयोगी पडतील, असे त्यांचे म्हणणे होते. पंधरा वर्षांच्या आत कोविडमध्ये जगाने हे तिन्ही प्रकारचे वागणे प्रत्यक्षात पाहिले.

यातली सगळ्यात हृदयस्पर्शी गोष्ट नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनची आहे. त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती. या जनुकीय आजारात स्नायू हळूहळू निकामी होतात. चालणे बंद होते, पुढे श्वासही अवघड होतो. मॅट्स व्हीलचेअरवर असे आणि दिवसाचा मोठा भाग ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये घालवी. आई-वडिलांना वाटे, आपल्या मुलाला ना मित्र, ना प्रेम, ना कोणाच्या उपयोगी पडल्याचे समाधान. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी लिहिली आणि युरोपभरातून पत्रे येऊ लागली. खेळात त्याचे नाव इबेलिन होते. तो धावायचा, कोडी सोडवायचा आणि मुख्य म्हणजे लोकांचे ऐकून घ्यायचा. कोणाला त्याने नैराश्यातून सावरले होते, कोणाचे घरात तुटलेले बोलणे पुन्हा जोडून दिले होते. काही जण त्याच्या अंत्यसंस्काराला आले. २०२४ मध्ये त्याच्यावर माहितीपटही आला.

मॅट्सने निवडलेले पात्र त्याच्या शरीरापासून पळ काढण्यासाठी होते, असे म्हणता येईल. पण त्या पात्रातून तो जे करत होता, ते खरेच होते. म्हणून मुलाने कोणते पात्र निवडले, हा पालकांनी हसण्यावारी नेण्याचा प्रश्न नाही. मार झेलणारा, बरे करणारा, एकटाच जंगलात फिरणारा, यांपैकी त्याला काय व्हावेसे वाटते आणि का, हे त्याला विचारता येते. एका पात्रावरून मुलाच्या स्वभावाचे निदान मात्र करू नये. ती बोलण्याची सुरुवात आहे, तपासणीचा रिपोर्ट नाही.

गळ कुठे असतो?

आता नाण्याची दुसरी बाजू. १९९८ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या संशोधकांनी व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन केले. खेळताना डोपामिन हे रसायन जास्त स्रवत असल्याचे त्यात दिसले. डोपामिनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणणे अपुरे आहे. अपेक्षेपेक्षा जास्त काही मिळाले की त्याचा स्राव वाढतो आणि ‘हे पुन्हा कर’ असा संदेश मेंदूत पक्का होतो.

रोल-प्लेइंग गेमची रचना नेमकी यावर बेतलेली असते. सुरुवातीच्या पायऱ्या मिनिटामिनिटाला चढता येतात, प्रत्येक पायरीला एक नवा पॉइंट मिळतो. पुढे अंतर वाढत जाते. मध्येच एखादी पेटी उघडते आणि कधी काही मिळते, कधी मिळत नाही. केव्हा मिळेल हे ठरलेले नसते, म्हणूनच हात थांबत नाही. त्यात ठरावीक वेळी गटाबरोबर मोहिमेवर जायचे असते, तेव्हा ‘मी नाही आलो तर बाकीचे अडतील’ हे ओझेही असते. म्हणजे दिंडीतली जी गोष्ट बांधून ठेवते, तीच इथे रात्री एक वाजता उठू देत नाही.

पैशाचाही संबंध येतो. पॉइंट परत वाटायचे, पेटी उघडायची, पात्राला पोशाख घ्यायचा, अशा गोष्टींसाठी अनेक खेळ पैसे मागतात. जिंकण्याच्या आशेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा देशात ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. रोल-प्लेइंग गेम सहसा त्या प्रकारचे नसतात. त्यामुळे घरातल्या मोबाइलवरून होणाऱ्या छोट्या छोट्या खरेदीवर लक्ष ठेवणे हे घरच्यांचेच काम आहे. पेमेंटचा पिन मुलाला माहीत नसणे, हा त्यातला सर्वांत साधा उपाय.

छंद की आजार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार समाविष्ट आहे. ही यादी मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात रोज किती तास खेळले म्हणजे आजार, असा आकडा दिलेला नाही. तीन गोष्टी पाहायच्या असतात. कधी खेळायचे, कधी थांबायचे, यावरचा ताबा सुटला आहे का? बाकीच्या आवडी आणि रोजची कामे मागे पडून खेळच सगळ्यांच्या पुढे गेला आहे का? नुकसान होत असूनही खेळणे चालूच आहे किंवा वाढते आहे का? यामुळे घर, शिक्षण, नोकरी, नाती यांत ठळक बिघाड व्हायला हवा आणि हे साधारण बारा महिने चाललेले असावे. लक्षणे तीव्र असतील तर डॉक्टर त्याआधीही निदान करू शकतात.

या मोजमापाने पाहिले तर पात्र निवडण्यात एक रात्र घालवणारा मुलगा आजारी नाही. खेळणाऱ्यांपैकी बहुतेक जण आजारी नसतात. पण महिनोन्महिने कॉलेज बुडते आहे, जेवण खोलीत जाते आहे, मोबाइल काढून घेतला की मारहाणीपर्यंत प्रकरण जाते आहे, तर वाट पाहू नये. कित्येकदा मुळात नैराश्य, चिंता किंवा परीक्षेतले अपयश असते आणि खेळ हा त्यापासूनचा आडोसा असतो. नुसता मोबाइल फोडून तो आजार बरा होत नाही.

मदत कुठे मिळेल? बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती मोफत मिळते. बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळे उपचार केंद्रही आहे. मानसोपचार विभागात जाणे म्हणजे मूल ‘वेडे’ ठरवणे नव्हे, हे अजूनही अनेक घरांत सांगावे लागते.

खरे पॉइंट झोपेत जमा होतात

आता पुन्हा त्या रात्री दोन वाजताच्या खोलीकडे. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, प्रौढांना किमान सात. सहाच्या आत उठायचे असेल तर रात्री दहाच्या सुमारास डोळे मिटायला हवेत. दोनला झोपणाऱ्या मुलाच्या वाट्याला चार तासही येत नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते. स्कूटर किंवा ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या बाबतीत तर हा जिवाशी खेळ होतो.

खेळाडूच्या दृष्टीने यात आणखी एक तोटा आहे. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायला शिकवले. बारा तास जागे राहिल्यावर त्यांच्या वेगात फारसा फरक पडला नाही. रात्रीची झोप झाल्यावर मात्र वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला, तोही मधे काहीच सराव न करता. दिवसा शिकलेले कौशल्य मेंदू झोपेत पक्के करतो. म्हणजे स्क्रीनवरचे पॉइंट पात्राला मिळतात, पण खेळणाऱ्याच्या स्वतःच्या बोटांना आणि बुद्धीला मिळणारे पॉइंट झोपेत जमा होतात. रात्रभर जागणारा खेळाडू आपलीच कमाई वाया घालवतो.

म्हणून नवीन पात्र घडवणाऱ्याने चार गोष्टी कराव्यात. आपल्याला कोणते काम करायचे आहे ते एका ओळीत लिहावे. गुणांची बेरीज होते की गुणाकार, ते पाहावे. सुरुवातीला टिकून राहण्यावर भर द्यावा. आणि घड्याळात वीस मिनिटे लावून, वेळ संपली की जे हाती आहे त्यावर शिक्कामोर्तब करावे. पहिले पात्र हे शिकण्यासाठीच असते. हे सगळे शनिवारी दुपारी करावे, रात्री अकराला नाही. झोपण्याआधी तासभर मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा. हा नियम आई-वडिलांनाही लागू असावा, नाहीतर तो टिकत नाही.

पालकांनी एकच गोष्ट करावी. मुलाकडून पात्र समजून घ्यावे. “दिवसभर त्यातच असतोस” या वाक्याने बोलणे संपते. “तुझ्या गड्याला काय काय येतं रे?” या वाक्याने सुरू होते.

त्या रात्री वडिलांनी मोबाइल हिसकावून घेतला नाही, असे समजू. ते खाटेवर टेकले आणि त्यांनी विचारले, “एवढं काय अवघड आहे त्यात?” मुलाने रकाने दाखवले. दहा पॉइंट, सहा जागा. वडिलांनी थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, “पाणी कमी असलं की सगळ्या रानाला थोडं थोडं दिलं तर काहीच येत नाही. कुठलं रान जगवायचं ते आधी ठरव. पण लागण रात्री दोनला करत नाहीत, लेका. झोप आता.”

मुलाने मोबाइल बंद केला. साडेसहाच्या गाडीला अजून चार तास होते.